'देअरफोर' नेमका कुठे लिहावा?

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांचे इंग्रजी अर्ज, प्रकल्प अहवाल आणि शोधनिबंधांचे सारांश तपासायला घेतले की एका शब्दापाशी हमखास थांबावे लागते. तो शब्द म्हणजे 'देअरफोर'. स्पेलिंग बहुतेकांना येते, 'म्हणून' हा अर्थही पाठ असतो, तरी वाक्य नीट बसत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जातले हे वाक्य बघा: 'माय फादर इज अ फार्मर, देअरफोर आय नीड दिस स्कॉलरशिप.' यात दोन दोष आहेत. एक विरामचिन्हाचा, तो मिनिटभरात दुरुस्त होतो. दुसरा विचारातला आहे आणि तो जास्त नुकसान करतो. वडील शेतकरी आहेत यावरून शिष्यवृत्तीची गरज आपोआप ठरत नाही. मधला दुवा मुलाच्या मनात आहे, कागदावर नाही. अर्ज वाचणाऱ्यापुढे मात्र फक्त कागद असतो.

म्हणून या लेखात आधी विचार तपासू, मग व्याकरण, आणि शेवटी भाषांतर. घाईत असाल तर व्याकरणाचा भाग आधी वाचा, पण पहिले दोन भाग सोडू नका.

आधी नाते ओळखा

'देअरफोर' म्हणजे 'आत्ताच जे सांगितले त्याच्या आधारावर'. शब्दाची घडणही तशीच आहे. जुन्या इंग्रजीतले 'तिथे' आणि 'साठी' या अर्थांचे दोन शब्द जुळून 'त्यासाठी, त्या कारणाने' असा हा एक शब्द झाला. तेव्हा त्याच्या आधी आधार देणारे विधान असलेच पाहिजे. हा आधार मात्र दोन प्रकारचा असतो आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

'रात्रभर पाऊस पडला. देअरफोर रस्ता ओला आहे.' इथे पाऊस हे कारण आणि ओला रस्ता हा परिणाम. आता हेच उलटे करा: 'रस्ता ओला आहे, देअरफोर रात्री पाऊस पडला असणार.' इथे ओल्या रस्त्याने पाऊस पाडलेला नाही. ओला रस्ता हा पुरावा आहे आणि पाऊस हे त्यावरून काढलेले अनुमान. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द चालतो, त्यामुळे फरक डोळ्याला दिसत नाही.

मराठीत तो कानाला लगेच कळतो. 'रस्ता ओला आहे, त्यामुळे रात्री पाऊस पडला' हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. खटकते. 'त्यामुळे'च्या जागी 'म्हणून' घातला तरी खटकतेच. पण 'रस्ता ओला आहे, त्याअर्थी रात्री पाऊस पडला असणार' म्हटले की वाक्य सुरळीत चालते. ही कसोटी फार कामाची आहे. इंग्रजीत 'देअरफोर' लिहिण्यापूर्वी तेच वाक्य मनात मराठीत म्हणा. 'त्यामुळे' बसला तर तुम्ही कारण आणि परिणाम सांगत आहात. फक्त 'त्याअर्थी' बसत असेल तर तुम्ही अनुमान काढत आहात.

हे ओळखायचे कशासाठी? कारण अनुमान असेल तर इंग्रजी क्रियापदानेही ते कबूल करायला हवे. 'द रोड इज वेट. देअरफोर, इट रेन्ड' हे व्याकरणाने शुद्ध आहे, पण त्याचा दावा पुराव्यापेक्षा मोठा आहे. टँकर गळत गेला असेल, जलवाहिनी फुटली असेल. 'इट मस्ट हॅव रेन्ड' किंवा 'इट प्रॉबेबली रेन्ड' म्हटले की दावा पुराव्याच्या मापात येतो. मराठीत हे काम 'असणार', 'असावा', 'असेल' ही रूपे इतक्या सहज करतात की आपल्याला ते जाणवतही नाही. इंग्रजीत लिहिताना तीच रूपे गळतात आणि अंदाजाचा निकाल होऊन बसतो.

संशोधनात ही चूक महाग पडते. समजा, एखाद्या पाहणीत वाचनालय असलेल्या गावांतल्या मुलांचे निकाल चांगले दिसले. त्यावर लगेच 'देअरफोर, लायब्ररीज इम्प्रूव्ह रिझल्ट्स' असे लिहिले तर परीक्षक तिथेच बोट ठेवील. मोठ्या, रस्त्यावरच्या गावांत वाचनालयही असते आणि चांगली शाळाही असते. कदाचित दोन्हींचे कारण तिसरेच आहे.

गाळलेला दुवा शोधा

दहावीची भूमितीची वही आठवा. सिद्धतेत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ∴ हे तीन टिंबांचे चिन्ह असते आणि त्याच ओळीच्या उजवीकडे कारण लिहावे लागते: अमुक प्रमेय, पक्ष, रचना, सामाईक बाजू. कारण लिहिले नाही तर गुण कापले जातात. हे ∴ म्हणजेच 'देअरफोर'. स्विस गणिती योहान रान यांनी 1659 साली झुरिकला छापलेल्या बीजगणिताच्या जर्मन पुस्तकात ते वापरले होते. आपल्याकडे शाळेत ते अजून रोज लिहिले जाते. गणिताच्या वहीत जी शिस्त आपण मुकाट्याने पाळतो ती निबंधाच्या वहीत पाळत नाही, एवढेच.

करायचे ते सोपे आहे. मसुद्यात जिथे जिथे 'देअरफोर' आहे तिथे समासात पेन्सिलीने 'कारण काय?' असे लिहा आणि उत्तर एका ओळीत मांडा. उत्तर आधीच्या वाक्यात आलेले असेल तर ठीक. नसेल तर तीच ओळ मजकुरात घाला. शिष्यवृत्तीच्या अर्जातला दुवा काय होता? कोरडवाहू शेती, दोन हंगाम गेलेले पीक, वर्षाची फी घरच्या उत्पन्नाबाहेरची. हे लिहिले की अर्ज असा होतो: 'माय फादर फार्म्स थ्री एकर्स विदाउट इरिगेशन, अँड द लास्ट टू क्रॉप्स फेल्ड. अवर इन्कम डझ नॉट कव्हर द कॉलेज फी. आय देअरफोर रिक्वेस्ट...' आता 'देअरफोर'ला पायाखाली जमीन मिळाली. गंमत अशी की दुवा पुरेसा स्पष्ट झाला की अनेकदा 'देअरफोर' काढूनही टाकता येतो आणि काहीच बिघडत नाही.

आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, हा दुवा कधीच सोडू दिला नाही. तिथे दुसऱ्याला पटवण्यासाठी मांडलेल्या अनुमानाचे पाच अवयव असतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. तस्मात् डोंगरावर आग आहे, हे निगमन. 'देअरफोर'ची जागा पाचव्या अवयवात आहे. आपण लिहिताना पहिल्या दोन अवयवांवरून थेट पाचव्यावर उडी मारतो आणि तिसरा, म्हणजे 'जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी' हा नियम, गाळतो. वाचकाला तो नियम मान्य असेल तर गाळलेला चालतो. मान्य नसेल तर पुढचे सगळे वाया जाते. म्हणून वाचक बदलला की दुवा पुन्हा तपासावा. घरच्यांना उघड असलेली गोष्ट परगावच्या अधिकाऱ्याला किंवा परदेशातल्या प्राध्यापकाला उघड असेलच असे नाही.

व्याकरण: चूक कुठून येते

आता ते विरामचिन्ह. 'इट वॉज रेनिंग, देअरफोर द मॅच वॉज कॅन्सल्ड.' लेखी इंग्रजीत हे चूक धरले जाते. मराठी माणूस ही चूक सारखी का करतो याला सरळ कारण आहे. आपल्या व्याकरणात 'म्हणून', 'सबब', 'यास्तव', 'तस्मात' हे शब्द परिणामबोधक उभयान्वयी अव्यये आहेत, म्हणजे ते दोन वाक्ये जोडतात. इंग्रजीत 'देअरफोर' हे क्रियाविशेषण आहे. ते नाते दाखवते, पण वाक्ये जोडत नाही. नुसत्या स्वल्पविरामाने ती दोन वाक्ये एकत्र उभी राहू शकत नाहीत.

दुरुस्तीचे तीन मार्ग आहेत.

पहिला, अर्धविराम: 'इट वॉज रेनिंग; देअरफोर, द मॅच वॉज कॅन्सल्ड.'

दुसरा, पूर्णविराम देऊन नवे वाक्य: 'इट वॉज रेनिंग. देअरफोर, द मॅच वॉज कॅन्सल्ड.'

तिसरा, जोडायचे काम 'अँड'कडे देणे: 'इट वॉज रेनिंग, अँड देअरफोर द मॅच वॉज कॅन्सल्ड.' शिवाय 'देअरफोर'ऐवजी 'सो' घेतलात तर स्वल्पविराम पुरतो, कारण 'सो' वाक्ये जोडू शकतो. साध्या पत्रात 'सो'च बरा.

वाक्यातली जागा हा त्याहून महत्त्वाचा मुद्दा, पण शाळेत तो फारसा शिकवला जात नाही. सुरुवातीला 'देअरफोर' टाकला की वाक्यावर हातोडा पडल्यासारखा जोर येतो. प्रत्येक वेळी तो जोर नको असतो. अनुभवी लेखक हा शब्द बहुधा आत सरकवतात. सहायक क्रियापद असेल तर त्याच्यानंतर: 'द मॅच वॉज देअरफोर कॅन्सल्ड.' नसेल तर मुख्य क्रियापदाच्या आधी: 'वी देअरफोर रिक्वेस्ट अ रिफंड.' आत असताना दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्यायची गरज सहसा नसते. दिले तर वाक्य थांबत थांबत वाचले जाते. औपचारिक पत्रासाठी 'आय देअरफोर रिक्वेस्ट यू टू...' ही चाल पाठच करून ठेवा. वाक्याच्या अगदी शेवटी मात्र 'देअरफोर' ठेवू नये.

दोन छोट्या गोष्टी. या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी 'ई' हे अक्षर आहे. 'ई' गाळले की कायद्याच्या भाषेतला वेगळाच शब्द होतो आणि त्याचा अर्थ 'त्याच्यासाठी' किंवा 'त्याबद्दल', उदाहरणार्थ 'माल आणि त्याबद्दलची किंमत'. तो करारनाम्यात बरोबर असतो, निबंधात चूक. आणि उच्चारताना जोर पहिल्या 'देअर'वर येतो, 'फोर'वर नाही.

जोडीचा मोह टाळा

मराठीला जोड्या आवडतात: जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, ज्याअर्थी–त्याअर्थी. ती सवय इंग्रजीत उतरते आणि 'बिकॉज इट वॉज रेनिंग, देअरफोर द मॅच वॉज कॅन्सल्ड' असे वाक्य तयार होते. 'बिकॉज', 'सिन्स' किंवा 'ॲज' यांनी कारण सांगून झाले की नाते दाखवून झाले. पुढे पुन्हा 'देअरफोर' किंवा 'सो' लागत नाही. 'बिकॉज इट वॉज रेनिंग, द मॅच वॉज कॅन्सल्ड' इथेच थांबायचे. आपल्या कानाला ते अपुरे वाटते, पण इंग्रजी कानाला पूर्ण वाटते.

एका ठिकाणी मात्र इंग्रजीही जोडी करते, आणि आपण ती राजपत्रात पाहतो. राज्यपालांच्या अध्यादेशाची सुरुवात बघा. 'व्हेअरॲज' म्हणत एकेक परिस्थिती मांडली जाते: विधिमंडळाची दोन्ही सभागृहे अधिवेशनात नाहीत, तातडीने कार्यवाही करणे आवश्यक झाले आहे याबद्दल राज्यपालांची खात्री पटली आहे. मग 'नाऊ, देअरफोर' आणि त्यापुढे संविधानाच्या अनुच्छेद 213 च्या खंड 1 अन्वये मिळालेल्या अधिकारांचा उल्लेख. मराठी पाठात हेच 'ज्याअर्थी... आणि ज्याअर्थी... त्याअर्थी, आता' असे येते. जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांच्या आदेशांचा साचाही हाच. मला ही रचना मनापासून आवडते. एकेक आधार वेगळा मांडायचा, कोणत्या अधिकाराने निर्णय घेतो ते सांगायचे आणि मगच निर्णय द्यायचा. भाषा जड असली तरी विचाराची वाट उघडी असते. आदेशाला आव्हान द्यायचे झाले तर नेमका कोणता 'ज्याअर्थी' खोटा आहे हे बोट ठेवून सांगता येते.

भावंडे

'हेन्स' हा 'देअरफोर'चा सख्खा भाऊ, पण त्याला एक जादा सवलत आहे. त्याच्यापुढे नुसते नाम चालते: 'द ब्रिज वॉज क्लोज्ड, हेन्स द डिले.' इथे 'देअरफोर द डिले' म्हणता येत नाही, कारण 'देअरफोर'ला पूर्ण वाक्य लागते. भूमितीतल्या 'हेन्स प्रूव्हड'मुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे आणि त्याचमुळे आपण तो पत्रांत वाजवीपेक्षा जास्त वापरतो. कार्यालयीन ईमेलमध्ये 'हेन्स आय वॉज ऑन लीव्ह' लिहिण्यापेक्षा 'सो' लिहावा.

'दस'चे दोन अर्थ आहेत, 'अशा रीतीने' आणि 'म्हणून'. कोणता घ्यायचा हे संदर्भावरून कळत नसेल तर तो टाळावा. 'कॉन्सिक्वेंटली' घटनांच्या परिणामासाठी आहे. त्याचे मराठी 'परिणामी'. ओल्या रस्त्यावरून पावसाचे अनुमान काढताना तो चालणार नाही. 'ॲकॉर्डिंगली' म्हणजे 'त्यानुसार', नियमाला किंवा सूचनेला धरून केलेल्या कृतीसाठी. 'दॅट्स व्हाय' तेव्हा वापरायचा जेव्हा परिणाम समोरच्याला आधीच माहीत आहे आणि तुम्ही फक्त कारण सांगत आहात: मी उशिरा आलो हे दिसतेच आहे, लोकल बंद होती, दॅट्स व्हाय. बोलताना आणि मुलाखतीत 'सो' आणि 'दॅट्स व्हाय' यांवर भागते.

मराठीत आणताना

इंग्रजीतून भाषांतर करणाऱ्यांनी 'देअरफोर = म्हणून' हे समीकरण सोडून द्यावे. 'म्हणून' हा जुना आणि गुणी शब्द आहे, ज्ञानेश्वरीत 'म्हणौनि' पानोपानी भेटतो. पण तो एकटा सगळीकडे पुरत नाही. आजच्या मराठीत तो कारण सांगतो, हेतू सांगतो ('पाऊस लागू नये म्हणून छत्री घेतली') आणि 'या नात्याने' अशा अर्थानेही येतो ('शिक्षक म्हणून'). अनुमान सांगायला मात्र तो बऱ्याचदा कमी पडतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्तचे प्रसिद्ध वाक्य. 1637 साली त्याने ते फ्रेंचमध्ये लिहिले, 1644 साली लॅटिनमध्ये, आणि इंग्रजीत ते 'आय थिंक, देअरफोर आय ॲम' असे रूढ झाले. मराठीत सर्रास 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' असे लिहिले जाते. हे वाचून कितीतरी वाचकांचा समज होतो की विचार केल्यामुळे माणूस अस्तित्वात येतो, विचार थांबला की अस्तित्व संपते, किंवा विचार करणाऱ्यालाच जगण्याचा अर्थ असतो. देकार्तला यातले काहीच म्हणायचे नव्हते. तो सगळ्यावर संशय घेत निघाला होता आणि संशयाला पुरून उरेल असे एक तरी विधान शोधत होता. मी शंका घेतो आहे, म्हणजे विचार करतो आहे, हे मला नाकारता येत नाही, आणि नसलेला माणूस विचार करू शकत नाही. विचार हा इथे अस्तित्वाचा पुरावा आहे, कारण नव्हे. ओला रस्ता आणि पाऊस यांच्यातले नाते तेच हे. फरक इतकाच की रस्त्याला टँकरचा पर्याय होता, इथे दुसरा पर्यायच नाही. म्हणून 'मी विचार करतो आहे, त्याअर्थी मी आहे' हे भाषांतर जास्त प्रामाणिक आहे. त्यात लय थोडी कमी पडते हे खरे, पण अर्थ शाबूत राहतो.

देकार्तच्या टीकाकारांनी गाळलेल्या दुव्याचाही प्रश्न काढला होता: 'जो जो विचार करतो तो तो असतो' हा नियम आधी मानल्याशिवाय हा 'म्हणून' येतो कसा? त्याने उत्तर दिले की हे नियमावरून काढलेले अनुमान नाही, मनाला एका दृष्टीत थेट दिसणारे सत्य आहे. 1641 सालच्या लॅटिन ग्रंथात तर त्याने 'म्हणून' ठेवलाच नाही. 'मी आहे, मी अस्तित्वात आहे' एवढेच विधान ठेवले आणि ते मनात येते तेव्हा तेव्हा खरेच असते असे म्हटले.

बाकीच्या ठिकाणी निवड अशी करावी. कारण आणि परिणाम असेल तर 'त्यामुळे' किंवा 'परिणामी'. पुराव्यावरून अनुमान असेल तर 'त्याअर्थी', 'यावरून', 'अर्थात', आणि क्रियापदाला 'असणार' किंवा 'असावे'. निर्णय किंवा विनंती असेल तर 'म्हणून' किंवा 'तेव्हा'. न्यायालयीन आणि महसुली कागदात 'सबब' आहेच. 'अतः' मात्र हिंदीतून येतो आहे, मराठीत इतके शब्द असताना त्याची गरज नाही. कित्येकदा वेगळा शब्दच लागत नाही, कारण '-ल्यामुळे' किंवा '-ल्याने' हे प्रत्यय ते काम आटोपतात: 'पाऊस पडल्यामुळे सामना रद्द झाला.'

एक परिच्छेद दुरुस्त करू

सांगली-कोल्हापूर भागातल्या क्षारपड जमिनींवर एखाद्या विद्यार्थ्याने असा परिच्छेद लिहिला आहे असे समजा:

'द व्हिलेज इज नियर द रिव्हर. देअरफोर देअर इज प्लेंटी ऑफ वॉटर. देअरफोर फार्मर्स ग्रो शुगरकेन. देअरफोर द सॉइल इज बिकमिंग सॉल्टी. देअरफोर ड्रेनेज इज नीडेड.'

समासात 'कारण काय?' लिहीत जाऊ. पहिला 'देअरफोर' ठीक आहे, पण इतकी उघड गोष्ट सांगायला तो जड आहे. दुसऱ्यात पाण्यामुळे उसाची सोय झाली, पण ऊसच का, हे पाणी ठरवत नाही. तिसरा सर्वांत कच्चा. ऊस लावला म्हणून जमीन खारट होत नाही. वर्षानुवर्षे पाटाने भरपूर पाणी दिले, निचऱ्याची सोय नव्हती, जमिनीखालची पाणीपातळी वर आली, वर आलेल्या पाण्याची वाफ झाली आणि त्यातले क्षार वरच्या थरात साठले. सगळा विषय या वाक्यात आहे आणि नेमका तोच गाळला आहे. चौथा 'देअरफोर' खऱ्या निष्कर्षाचा आहे, तो ठेवू.

'द व्हिलेज लाइज क्लोज टू द रिव्हर अँड हॅज वॉटर ऑल इयर, सो मोस्ट फार्मर्स ग्रो शुगरकेन. डेकेड्स ऑफ हेवी इरिगेशन विदाउट ड्रेनेज हॅव रेज्ड द वॉटर टेबल. ॲज द वॉटर इव्हॅपोरेट्स, इट लीव्ह्ज सॉल्ट इन द टॉपसॉइल. दीज फील्ड्स देअरफोर नीड ड्रेनेज बिफोर दे नीड मोअर वॉटर.'

चार 'देअरफोर'चा एक झाला. तो शेवटच्या वाक्यात, क्रियापदाच्या आधी, स्वल्पविरामाशिवाय बसला आहे. आता हेच शेवटचे वाक्य मराठीत आणायचे तर 'तेव्हा या शेतांना जास्तीच्या पाण्याआधी निचऱ्याची गरज आहे' असे लिहावे. इथे 'त्याअर्थी' नको, कारण हे वाक्य काय घडले असावे ते सांगत नाही, काय करायला हवे ते सांगते.